तबकडी आणि तिची पेटी

मनुष्यानें आवाज टिपून ठेवण्याची विद्या हस्तगत केली, त्या दिवसापासूनच टिपलेला आवाज ठेवावयाचा कशांत, हा दुसरा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला. पहिल्या विद्येचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्यांत एडिसन आहे, बर्लिनर आहे, शास्त्रज्ञांच्या पिढ्या आहेत. दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मात्र कागदाच्या पाकिटांत, पुठ्ठ्याच्या खोळींत आणि पारदर्शक पेट्यांत विखुरलेला आहे, आणि तो सांगण्याजोगा आहे असें सहसा कोणाला वाटत नाहीं. वस्तुतः तबकडी एकदां वाजली म्हणजे ती एकदां पेटींतून निघाली आणि एकदां पेटींत परतली, असा त्याचा अर्थ होतो. जी तबकडी शंभर वेळां ऐकली, तिला दोनशें वेळां मनुष्याचीं बोटें लागलीं. कॉम्पॅक्ट डिस्कच्या बाबतींत तर यंत्रांतील प्रकाशकिरणानें तबकडीची झीज म्हणून होत नाहीं. जी इजा होते ती बहुधा हाताळण्यांतच होते. तेव्हां ही तबकडी पेटींतून अपाय न होतां बाहेर कशी काढावी, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक असला, तरी त्याच्या पोटांत शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सांठलेला आहे.

एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. नळीऐवजीं सपाट तबकडी हें त्याच्या कल्पनेंतील मर्म होतें. नळी ठेवावयाची म्हणजे तिला डबा हवा. तबकड्या मात्र पुस्तकांप्रमाणें एकीशेजारीं एक ठेवतां येतात. पुढें या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या होऊं लागल्या, आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानांतून जात असे. छोटा नागपूरच्या रानांतील किड्यांनीं झाडांच्या फांद्यांवर सांठविलेला हा पदार्थ परदेशीं जाऊन त्यावर गाणें उमटे, आणि तेंच गाणें पुन्हां या देशांत विकावयास येई. १९०२ सालीं कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, आणि पुढील कांहीं दशकांत ‘तबकडी’ हा शब्द मराठी घरांतून रुळला. बालगंधर्वांचीं नाट्यपदें आणि अब्दुल करीमखांसाहेबांच्या चिजा लोकांनीं या लाखेच्या तबकड्यांवरच प्रथम घरीं बसून ऐकल्या.

लाखेची तबकडी जड, कठीण आणि ठिसूळ. तिचें घर म्हणजे जाडसर कागदाचें पाकीट. त्याला मध्यें गोल खिडकी, म्हणजे नांवाची चिठ्ठी बाहेरूनच वाचतां यावी. या तबकडीला बोटाच्या डागाचें भय फारसें नसे. तिचें खरें भय म्हणजे पडणें. हातांतून सुटली कीं तिचे तुकडे होत, आणि तें तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें त्या घरापुरतें संपलें, असें होई. म्हणून पाकिटांतून तबकडी काढतांना खालीं तळवा धरावा, हा त्या काळचा नियम. मोठीं गीतें अनेक तबकड्यांवर विभागलेलीं असत. तीं पाकिटें एकत्र बांधून छायाचित्रांच्या वहीसारखा ग्रंथ केला जाई. गाण्यांच्या संचाला ‘आल्बम’ हें नांव मिळालें तें यामुळेंच.

१९४८ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें दीर्घकाल वाजणारी तबकडी लोकांपुढें आणली. ती व्हिनाइलची होती, मिनिटास ३३⅓ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावे. ही तबकडी पडली तरी फुटत नसे. पण तिचा पृष्ठभाग मऊ होता आणि तिच्या रेषा अतिशय बारीक होत्या. एक धुळीचा कण, एक बोटाचा ठसा, पाकिटाच्या कांठाचा एक ओरखडा, आणि सुईनें तो दर फेऱ्यास ‘टक्’ असा वाजवून दाखविलाच. भय बदललें, त्याबरोबर रीतही बदलली. पुठ्ठ्याच्या खोळींत आणखी एक मऊ पाकीट आलें. तबकडी ओढून काढावयाची नाहीं, तर खोळ किंचित् फुगवून ती तळव्यावर घसरूं द्यावयाची. कांठ आंगठ्याच्या मुळाशीं टेकवावयाचा, उरलेलीं बोटें मधल्या चिठ्ठीवर ठेवावयाचीं, आणि रेषांना मुळींच शिवावयाचें नाहीं, असा हा शिष्टाचार ठरला. ज्या घरांत संगीताची आवड होती, त्या घरांतील मुलांना हा शिष्टाचार बाराखडीबरोबर शिकविला जाई.

येथपर्यंतच्या इतिहासांत एक गोष्ट समान होती. तबकडी उघडी असे आणि तिला वरून खोळ घातली जाई. याहून अगदीं निराळा मार्ग फितीच्या कॅसेटनें दाखविला. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं जी कॅसेट काढली, तिच्यांतील फीत ऐकणाऱ्यानें कधीं हाताळावयाचीच नव्हती; घर आणि घरांतील वस्तु हीं दोन्हीं एकदमच यंत्रांत जात. १९८१ सालीं अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें चित्रपटाची एक तबकडी बाजारांत आणली. तिच्या रेषा इतक्या नाजुक होत्या कीं बोट लागणें तिला सोसण्यासारखें नव्हतें. म्हणून ती आपल्या बंद खोक्यासकट यंत्रांत सारावयाची, आणि यंत्रानेंच ती आंत काढून घ्यावयाची, अशी व्यवस्था करण्यांत आली. म्हणजे १९८० च्या सुमारास दोन पंथ समोरासमोर उभे होते. एक म्हणे, मनुष्याच्या हातावर विश्वास ठेवा व त्याला रीत शिकवा. दुसरा म्हणे, मनुष्याचा हात मुळांत दूरच ठेवा. कॉम्पॅक्ट डिस्क जन्मास आली ती या दोन पंथांच्या मध्यें.

८ मार्च १९७९ रोजीं हॉलंडमधील आइंडहोवेन येथें फिलिप्स कंपनीनें प्रकाशानें वाचतां येणाऱ्या छोट्या ध्वनितबकडीचा प्रयोग करून दाखविला. ती तबकडी ११.५ सेंटिमीटर व्यासाची होती. त्यानंतर फिलिप्स आणि जपानांतील सोनी या दोन कंपन्यांच्या अभियंत्यांनीं एकत्र बसून १९८० सालीं तिचें अंतिम मान ठरविलें. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि मधलें भोंक १५ मिलिमीटर. हें भोंक हॉलंडच्या त्या काळच्या दहा सेंटच्या नाण्याएवढें आहे. व्यास अर्ध्या सेंटिमीटरानें कां वाढला, याविषयीं एक कथा प्रसिद्ध आहे. सोनीचे नोरिओ ओगा हे स्वतः गायनाचें शिक्षण घेतलेले गृहस्थ. बीथोवेनची नववी सिंफनी एका तबकडीवर अखंड मावली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, अशी ती कथा. पण त्या कामांत प्रत्यक्ष भाग घेतलेले डच अभियंते केस इम्मिंक यांनीं पुढें लिहिलें आहे कीं, या निर्णयामागें दोन कंपन्यांतील व्यापारी चुरसही होती, ११.५ सेंटिमीटरची तबकडी काढण्याची तयारी एकीजवळ होती व दुसरीजवळ नव्हती. कारण कांहींही असो, तबकडीचा आकार ठरला, आणि तिच्या घराची मापें त्या आकारावरून ठरणें क्रमप्राप्त झालें.

घराची रचना समजण्यापूर्वीं घरांत राहणारीची प्रकृति समजून घेणें अवश्य आहे. कॉम्पॅक्ट डिस्कचें अंग पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लास्टिकचें असतें. त्याच्या वरच्या पृष्ठावर सूक्ष्म खळ्यांची एक चक्राकार रेषा दाबून उमटविलेली असते. दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ सहस्रांश मिलिमीटर, आणि ती रेषा सरळ उलगडली तर पांच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. या खळ्यांवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा असतो, मुलाम्यावर लाकराचा एक पातळ लेप, आणि लेपावर छापलेलें नांव. लेसरचा किरण खालून, म्हणजे चकचकीत बाजूनें, प्लास्टिकमधून पार होऊन त्या खळ्या वाचतो. यावरून एक गोष्ट निघते, आणि ती बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. लोक चकचकीत बाजूला जपतात आणि छापील बाजूवर बिनदिक्कत तबकडी पालथी घालतात. वस्तुतः चकचकीत बाजूवर एक मिलिमीटराहून अधिक जाडीचें चिलखत आहे. छापील बाजूवर मात्र केसाहूनही पातळ असा लेपच काय तो आहे. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदां घासून नाहींसा करतां येतो. वरून मुलाम्यापर्यंत गेलेला ओरखडा म्हणजे त्या ठिकाणचें संगीत कायमचें गेलें.

खालच्या पृष्ठावरील धूळ किरणाला फारशी अडवीत नाहीं, यालाही कारण आहे. प्लास्टिकमध्यें शिरतांना किरणाचा झोत सुमारें पाऊण मिलिमीटर रुंद असतो. तो खळ्यांपाशीं जाऊन मगच सुईच्या अग्राहून बारीक होतो. त्यामुळें पृष्ठावरील लहानसा कण त्याला धूसर दिसतो, जसा दूरचें पाहणाऱ्यास चष्म्यावरील ठिपका. शिवाय मजकूर लिहितांनाच त्यांत चुका दुरुस्त करण्याची गणिती सोय केलेली आहे. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं १९६० सालीं जी पद्धत मांडली, तिच्या आधारें रेषेवरील सुमारें अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुटवडा यंत्र मनांतल्या मनांत भरून काढतें. तबकडी पुसतांना मध्याकडून कांठाकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसूं नये, या नियमाचें मूळ येथें आहे. सरळ ओरखडा प्रत्येक फेऱ्यास आडवा जातो व क्षणांत ओलांडला जातो. गोल ओरखडा मात्र रेषेबरोबरच धांवतो आणि तो अडीच मिलिमीटरांत आटपत नाहीं.

अशा या तबकडीसाठीं पीटर डूडसन या आरेखकानें जी पेटी तयार केली, तीच १९८२ पासून जगभर गेली. लांबी १४२ मिलिमीटर, रुंदी १२५ मिलिमीटर, जाडी सुमारें १० मिलिमीटर. तिचे भाग तीन. झांकण, तळ आणि तळांत बसविलेली बैठक. झांकणाच्या आंत पुस्तिका सरकविण्याचीं अर्धचंद्राकार कानें, बैठकीखालीं मागील छापील कागद, आणि बैठकीच्या मध्यभागीं एक दातेरी खुंट. हे दाते तबकडीच्या भोकांत शिरून तिला आंतून धरतात. पेटीला ‘ज्यूएल केस’, म्हणजे रत्नाची डबी, असें नांव पडलें. तिच्या कांठावरील कंगोरे चकचकीत ठेवण्याची सूचना डूडसननें केली होती, आणि प्रकाशांत ते चमकत म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. रचना जवळजवळ निर्दोष साधली म्हणून तिला रत्नाची उपमा मिळाली, असेंही सांगतात.

निर्दोष म्हटलेली ही रचना एका तडजोडीवर उभी आहे, आणि त्या तडजोडीचें स्थान म्हणजे तो मधला खुंट. कारखान्यापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंत तबकडी पेटींत खडखडूं नये, म्हणून दात्यांची पकड घट्ट हवी. पण ऐकणाऱ्यास ती सहज सुटावी, म्हणून तीच पकड सैलही हवी. या दोन विरुद्ध मागण्या दात्यांच्या लवचिकपणावर सोंपविण्यांत आल्या. पेटी ज्या पॉलिस्टायरीनची असते, तें स्वच्छ आणि स्वस्त, पण ठिसूळ. म्हणून वर्षानुवर्षें वांकून वांकून दाते तुटतात, आणि पेटी खालीं पडली कीं झांकणाच्या बिजागरीचे दोन बाहू प्रथम मोडतात. याच्या उलट तबकडी ज्या पॉलिकार्बोनेटची असते तें चिवट. या भेदामुळें लोकांचा समज होतो कीं पेटी मोडली तरी तबकडीला कांहीं होत नाहीं. हा समज दृढ होण्यास जाहिरातींनींही हातभार लावला. नवी तबकडी अक्षय आहे, असें त्या सांगत. १९८१ सालीं बी. बी. सी. च्या ‘टुमॉरोज वर्ल्ड’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत तर तबकडी किती सोसते हें दाखविण्यासाठीं तिच्यावर दगड घासण्यांत आला होता. लोकांनीं तो दगड लक्षांत ठेवला. त्याच वेळीं तबकडीबरोबरच्या पुस्तिकांतून एक साधी सूचना बारीक अक्षरांत छापून येत होती. जुन्या तबकड्यांइतकीच काळजी घ्यावी, कांठानेंच धरावी, ऐकून होतांच पेटींत ठेवावी. ती सूचना फारच थोड्यांनीं वाचली.

१७ ऑगस्ट १९८२ रोजीं जर्मनींतील हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथील कारखान्यांत विक्रीसाठीं तबकड्या काढण्यास आरंभ झाला, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत सोनीचें पहिलें यंत्र दुकानांत आलें. २००० सालीं एकट्या अमेरिकेंत ९४ कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीसाठीं रवाना झाल्या. तेवढ्याच वेळां कोणीतरी तो दातेरी खुंट प्रथम दाबला, किंवा न दाबतांच तबकडी ओढली.

न दाबतां ओढली म्हणजे काय होतें, तें समजावून घेण्याजोगें आहे. तबकडी भोकाच्या कांठाशीं पकडलेली असते. मनुष्य तिला एका बाजूच्या कांठाखालीं नख घालून वर उचलतो. मध्य सुटत नाहीं, कांठ वर येतो, आणि तबकडी पळीसारखी वांकते. या वांकण्याचा सर्वांत अधिक ताण भोकाच्या भोंवतीं पडतो. एकदां-दोनदां असें झाल्यानें चिवट प्लास्टिक दाद देत नाहीं; पण वारंवार झालें म्हणजे भोकाच्या कांठास केसाएवढी तडा जाते. जुन्या तबकडीवर संगीत बाहेरून आंत जातें; कॉम्पॅक्ट डिस्कवर तें आंतून बाहेर येतें. भोकाच्या कांठापासून अवघ्या दीड सेंटिमीटरावर या तबकडीची अनुक्रमणिका असते, आणि ती वाचल्यावांचून यंत्र पुढें पाऊल टाकीत नाहीं. तडा तेथवर पोहोंचली तर उरलेलें सगळें संगीत शाबूत असूनही तबकडी मुकी होते. दुसरा धोका याहून रोकडा आहे. संगीत वाजविणाऱ्या यंत्रांत तबकडी मिनिटास ५०० ते २०० फेरे घेते; पण संगणकांतील जलद यंत्रांत तोच वेग १०,००० फेऱ्यांच्या आसपास जातो, आणि तडा गेलेली तबकडी त्या वेगांत तुकडे तुकडे होऊं शकते.

तेव्हां रीत अशी आहे. पेटी हवेंत न धरतां टेबलावर सपाट ठेवावी. डाव्या हातानें कण्याची बाजू धरावी, उजव्या हाताच्या आंगठ्यानें आणि मधल्या बोटानें झांकणाचे समोरचे दोन कोपरे धरून तें उचलावें, आणि बिजागरीवर जोर न देतां पूर्ण उघडून मागें टेकूं द्यावें. मग तर्जनीचें टोंक मधल्या खुंटावर ठेवावें. आंगठा आणि मधलें बोट तबकडीच्या समोरासमोरच्या कांठांशीं आणावें. बैठकीच्या कांठाशीं बोटें शिरावींत म्हणून खोलगट जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात. आतां प्रथम तर्जनीनें खुंट खालीं दाबावा. दाते आंत झुकतात, पकड सुटते, आणि बहुधा एक हलका आवाज येतो. तो आवाज आल्यावर मगच कांठ उचलावेत, आणि तेही दोन्ही बाजूंनीं एकदम, म्हणजे तबकडी आडवीच वर येईल. क्रम ध्यानांत ठेवावयाचा तो एवढाच. आधीं दाबणें, मग उचलणें. ज्याच्या एका हातांत बारा सेंटिमीटरांचा विस्तार मावत नाहीं, त्यानें, आणि मुलांनीं तर अवश्य, एका हातानें खुंट दाबावा व दुसऱ्या हातानें कांठ धरावा. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

नवी पेटी पुष्कळदां हट्टी असते. दाबूनही तबकडी सुटली नाहीं, तर जोर वाढविणें हा उपाय नव्हे. खुंट दाबलेलाच ठेवून तबकडी कांठांनीं धरून जागच्या जागीं किंचित् फिरवावी. दात्यांची पकड एकेक करून सैल होते. तरीही सुटली नाहीं, तर एकेक दाता बोटाच्या टोंकानें आंत दाबावा. सुरी, चमचा किंवा पट्टी खालून घालणें सर्वथा वर्ज्य. शेवटीं मोडावयाचेंच असेल तर दाते मोडावेत, तबकडी वांकवूं नये. पेटी ठरलेल्या मापाची असल्यानें रिकामी पेटी विकत मिळते, आणि जुनी पुस्तिका व मागचा कागद नव्या पेटींत जसेच्या तसे बसतात. तुटलेले दाते मात्र तसेच राहूं देऊं नयेत; त्यांचे तुकडे बैठकींत फिरतात आणि तबकडीला ओरखडतात.

परत ठेवण्याचीही रीत तीच, उलट क्रमानें. भोंक खुंटावर नेमकें आणावें आणि भोकाच्या लगतच दोन बोटांनीं हलकेंच दाबावें. कांठावर दाबूं नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २००३ सालीं ग्रंथपालांसाठीं आणि अभिलेखपालांसाठीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे लेखक फ्रेड बायर्स. तींतील उपदेश थोडक्यांत असा, कीं तबकडी बाहेरच्या कांठानें किंवा मधल्या भोकानें धरावी, वांकवूं नये, वापर होतांच पेटींत ठेवावी, पेट्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, त्यांवर ऊन पडूं देऊं नये, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लावूं नयेत, आणि लिहावयाचेंच तर मऊ टोंकाच्या, तीव्र द्रावक नसलेल्या शाईच्या लेखणीनें लिहावें. जुन्या काळच्या घरांतून लाखेच्या तबकड्यांना जो आदर मिळत असे, तोच आदर संस्थेनें शास्त्राच्या भाषेंत पुन्हां मागितला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पेटीचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेंत आरंभीं ही छोटी पेटी एका लांब पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून विकीत. दुकानांतील कप्पे जुन्या मोठ्या तबकड्यांच्या मापाचे होते, आणि छोटी पेटी खिशांत घालून नेणें चोरास सोपें होतें, हीं त्याचीं कारणें. घरीं येतांच खोकें केरांत जाई. त्या नासाडीविरुद्ध ओरड झाली आणि १९९३ सालीं तें खोकें बंद झालें. १९९६ सालीं जपानांत डी. व्ही. डी. आली. तिचें अंग ०.६ मिलिमीटरांच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेलें असतें, आणि मजकूर त्यांच्या मधोमध असतो. त्यामुळें छापील बाजूचें भय कमी झालें, पण वांकण्याचें भय वाढलें. कारण वांकली म्हणजे दोन चकत्यांचा जोडच ताणला जातो. तिच्या पेटींत मधल्या खुंटास दाबण्याच्या कळीचें रूप आलें. जी गोष्ट कॉम्पॅक्ट डिस्कच्या खुंटानें मुकाट्यानें सुचविली होती, ती या कळीनें उघड सांगितली.

पेटीनें तबकडीचें रक्षणच केलें असें नाहीं; क्वचित् घातही केला. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यांतील ब्लॅकबर्न येथील कारखान्यांत १९८८ ते १९९३ च्या दरम्यान निघालेल्या कांहीं तबकड्या कालांतरानें कांठाकडून तपकिरी पडूं लागल्या. वरचा लेप योग्य प्रतीचा नव्हता, आणि पेटींतल्याच पुस्तिकेच्या कागदांतील गंधकाचा अंश त्या लेपांतून मुलाम्यापर्यंत पोहोंचला. घर चांगलें असलें तरी घरांतील शेजार तपासावा लागतो, हा त्यांतील धडा.

आज बहुतेक संगीत तबकडीवांचून घरीं येतें, आणि तबकडी वाजविणारें यंत्र पुष्कळ घरांतून नाहींसें झालें आहे. यावरून तबकडीची काळजी घेण्याचें प्रयोजन संपलें असें वाटण्याचा संभव आहे. परंतु वस्तुस्थिति याच्या उलट आहे. बाजारांत मुबलक असलेली वस्तु बिघडली तर दुसरी आणतां येते. बाजारांतून जात चाललेली वस्तु बिघडली म्हणजे तिची जागा भरत नाहीं. त्यांतही एक प्रकार असा आहे कीं ज्याची दुसरी प्रत कधीं बाजारांत नव्हतीच. घरीं लिहितां येणारी तबकडी जपानांत १९८८ सालीं प्रथम तयार झाली. तिच्यांत दाबून उमटविलेल्या खळ्या नसतात, तर रंगद्रव्याच्या थरावर किरणानें केलेल्या खुणा असतात; ऊन आणि उष्णता यांनीं तो थर फिका पडतो. जुन्या फितींवरील आवाज अशा तबकड्यांवर उतरवून घेण्याची चाल मराठी घरांतूनही पडली. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या मुंजींतलीं मंगलाष्टकें, कोणा वडिलांचें एखादें भाषण, असें काय काय त्या तबकड्यांवर आहे, आणि मूळ फीत पुष्कळदां उरलेली नाहीं. ती तबकडी कपाटाच्या मागच्या रांगेंत, पंधरा-वीस वर्षें न उघडलेल्या पेटींत, दात्यांनीं घट्ट धरलेली असते. पेटीचें प्लास्टिक जुनें झालेलें असतें, आणि उघडणाऱ्या हाताला घाई असते.

त्या घाईच्या क्षणींच रीतीची परीक्षा होते. पेटी सपाट ठेवणें, खुंट दाबणें, पकड सुटूं देणें, आणि मग दोन्ही कांठ सारखे उचलणें, याला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागत नाहीं. बाहेर आल्यावर ती तबकडी प्रथम ऐकून न टाकतां तिची नक्कल संगणकांत उतरवून घ्यावी, आणि मग ती पुन्हां आपल्या पेटींत निजवावी. लाखेच्या तबकडीनें तळवा खालीं धरावयास शिकविलें, व्हिनाइलच्या तबकडीनें कांठ धरावयास शिकविलें. कॉम्पॅक्ट डिस्कनें उचलण्याआधीं सोडवावयास शिकविलें आहे. हे तिन्ही धडे हातांचे आहेत, आणि ते हातांकडूनच पुढच्या हातांकडे गेले पाहिजेत.